गव्हर्नर

भांडगावात ज्ञानदेव मिस्त्री विहिरीवरचं डिझेल इंजिन खोलून बसला होता. सर्व्हेवाल्या मुलीनं विचारलं, "मामा, गव्हर्नर माहीत आहेत?"

"व्हय. ह्यो काय, हातातच हाय. इंजिन सुसाट सुटलं की आवरतो."

ती हसली. "तो नाही हो. रिझर्व्ह बँकेचे. ते महागाई आवरतात. नाव सांगा."

"न्हाई म्हाईत."

तिनं फॉर्मवर लिहिलं, 'अशिक्षित'. ज्ञानदेवनं ते समोरून उलटं वाचलं आणि पाना खाली आपटला.

"औंदा डाळ-तेल सुसाट सुटलं, तवा कुठं व्हता त्यो? ताई, माझा गव्हर्नर चालला न्हाई तर लोक मला धरत्यात. तुमचा चालंना, तरी बी मलाच धरता व्हय?"