बिनमेणाचा देव

लाइट गेली. भाविकाने मेणबत्ती पेटवली आणि पुन्हा घोकायला बसली. भिवंडीच्या क्लासात तिची इंग्रजीची परीक्षा होती.

‘सिन्सिअर’ म्हणजे मनाचा खरा, ती जेवायला बसलेल्या बापाला, दाजीला, सांगत होती. जुन्या काळी म्हणे रोमन मूर्तिकार दगडाची चीर मेण भरून लपवत. ज्या मूर्तीत मेण नाही, ती सिन्सिअर. खरंखोटं रोमनांना ठाऊक, पण सर असंच सांगतात.

दाजीचा घास हातातच राहिला.

वळ गावच्या नव्या देवळासाठी मारुती त्यानेच आणला होता, गणेशपुरीकडच्या ओळखीच्या पाथरवटाकडून. देवळाच्या कमिटीतल्या बाळारामने भर बैठकीत नाक मुरडलं होतं, तेव्हा दाजी छाती ठोकून बोलला, "खोट निघाली तर गावात तोंड न्हाय दाखवणार." भंगलेला देव बसवत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि प्रतिष्ठा परवावर आली होती.

त्यात पाथरवटाने देताना बजावलं होतं, "मूर्ती उन्हातून नेलीत तर आधी सावलीत निवू द्या, मगच पाण्यात ठेवा." उन्हाला एवढं का भ्यायचं? दाजीला आत्ता उमगलं. मेण वितळेल म्हणून! मेल्याने गळा कापला.

प्रतिष्ठेआधीचा जलाधिवास होऊन मूर्ती पाण्यातून काढून झाली होती, पण पाण्याने मेण थोडंच निघतंय? उद्या संध्याकाळी ती धान्यात ठेवणार. मग हात लावायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी पंगतीला बसली. देवळात एकट्या राहिलेल्या दाजीने काठीला चिंधी गुंडाळली, रॉकेलात बुडवून पेटवली आणि मूर्तीच्या मानेशी, छातीशी धरली. चांगला वेळ धरली. दगड तापला, काळवंडला, पण मेणाचा थेंब काही ओघळला नाही.

दाजीचे डोळे भरून आले. पाथरवटासारख्या देवमाणसावर उगाच संशय घेतला, म्हणून त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

बाहेर बाळारामचा खोकला ऐकू आला. मानेवर काजळी तशीच होती. दाजीने घाईघाईने विहिरीच्या गार पाण्याची कळशी उचलली आणि मूर्तीवर ओतली.

टक्.

बाळाराम डोकावला. "जेवायचा न्हाय काय रे?"

"देवाला आंघोळ घालतो," मूर्तीला पाठ लावून दाजी म्हणाला. बाळाराम गेला. दाजीने मूर्तीवर उपरणं पांघरलं आणि धावतच घर गाठलं.

"भाविका," तो दारातूनच म्हणाला, "कालची मेणबत्ती उरलीय काय गो?"