पाठीचं कातडं

गुंडा कारागिरानं पोटाचं कातडं पुढं केलं ते जाणूनबुजून. जनावराच्या पोटाकडचं कातडं हाताला लोण्यासारखं लागतं, पण त्याचं जाकीट कोणी शिवत नाही. वर्षाच्या आत ते लोंबतं, कोपरं सुटतात, शिवणी फाकतात. सांगलीत अठ्ठावीस वर्षं जाकिटं शिवणाऱ्या गुंडानं असलं कातडं गिऱ्हाइकाला आजवर दाखवलंसुद्धा नव्हतं.

समोर वीरधवल सर उभे होते. साताऱ्याकडं त्यांची सैन्यभरतीची अकॅडमी होती. मोबाईलवर त्यांनी जुन्या काळच्या वैमानिकाचा फोटो काढून धरला होता. कमरेला विणलेल्या लोकरीची पट्टी, पुढं दोन खिसे, कॉलर दुमडलेली. अगदी असंच जाकीट हवं होतं. फक्त नवंकोरं दिसायला नको, लढाई बघून आल्यासारखं वाटलं पाहिजे.

गुंडा फोटो बघत नव्हता. तो आवाज ऐकत होता. हाच आवाज गेल्या वैशाखात फोनवर म्हणाला होता की, तुमच्या मुलाचं हृदय आधीपासूनच कमजोर असणार, तुम्ही घरच्यांनी ते लपवलं. एकोणीस वर्षांचा जोतिबा भर दुपारी मैदानाला फेऱ्या मारत होता. दोनदा पाणी मागितलं त्यानं, असं बरोबरची पोरं मयताला आली तेव्हा सांगत होती. फेऱ्या पुऱ्या झाल्याशिवाय पाणी नाही, असा सरांचा नियम. सर स्वतः मयताला आले नाहीत. म्हणून तर आज ते गुंडाला ओळखत नव्हते.

भिंतीकडच्या मशीनवर गुंडाची बायको बयाबाई अस्तर शिवत होती. मशीन मघाशीच थांबलं होतं. पण तिनं मान वळवली नाही.

मागच्या महिन्यात सप्ताहाला बुवांनी क्षमेवर कीर्तन केलं. गुंडा टाळ घेऊन बुवांच्या मागंच उभा होता. चाल अशी काही लागली की त्याचे डोळे वाहायला लागले, आणि घरी येताना वाटलं, सुटलो बाबा एकदाचा. सुटलं काहीच नव्हतं, ते आज कळलं.

"मऊ आहे हो, मामा." सरांनी कातडं गालाला लावून बघितलं. "हेच करा."

"करू की."

सर खुशीत आले. अकॅडमीला दहा वर्षं होणार होती, त्या दिवशी जाकीट अंगावर चढवायचं आणि मग हिवाळाभर रोज. सकाळी मैदानावर, नंतर ऑफिसच्या खुर्चीत दुपारपर्यंत. मैदानावर थंडी मरणाची असते म्हणाले.

"मी पुढं बुलेटवर असतो, मामा. तीनशे पोरं माझ्या पाठीकडं बघत पळतात."

बोलता बोलता सरांनी वळून पाठ दाखवली. थोडा वेळ तो त्या पाठीकडंच बघत राहिला. मग त्यानं सरांच्या हातातलं कातडं हळूच काढून घेतलं.

"हे न्हाई, साहेब. हे लय दिवस टिकायचं न्हाई. तुमाला टिकणारं पायजे."

स्टुलावर चढून त्यानं माळ्यावरची गुंडाळी उतरवली. बोकडाचं कातडं, तेही पाठीचं, घट्ट. वरून काळंभोर. त्याचा एक कोपरा त्यानं धार लावायच्या दगडावर घासला. काळं उडालं आणि खालून तांबूस रंग वर आला. त्यानं सरांना समजावून सांगितलं की हे आतपर्यंत तांबूस आहे, काळा फक्त वरचा रंगाचा हात. जिथं जिथं घासेल तिथं तिथं तांबूस उघडं पडत जाणार. दोन-तीन वर्षांनी याला कोणी नवं म्हणणार नाही.

सरांना हेच तर हवं होतं. त्यांनी टिकेल किती ते विचारलं.

"तुमच्या पोराच्याबी अंगावर जाईल."

सर हसले. गुंडानं कातडं त्यांच्या खांद्यावर टाकलं, पाठीची रुंदी मोजली, मानेपासून कमरेपर्यंतचं माप घेतलं. सर जाता जाता म्हणाले, पाठीवर चित्रबित्र काही नको, साधी ठेवा.

"व्हय साहेब. वरनं साधीच."

ते गेल्यावर गुंडानं पाठ एकसंध कापली, मध्ये कुठं जोड दिला नाही. मग चपलेच्या तळाचा जाड तुकडा घेऊन त्यातून तीन अक्षरं कोरली. एकेक अक्षर तळहाताएवढं. जो. ति. बा. ती त्यानं पाठीच्या आतल्या अंगाला उलटी मांडून चिकटवली आणि पाठ पालथी करून बघितली. बाहेरून काही दिसत नव्हतं. तळहात फिरवला तरच किंचित उंचवटा लागत होता. खिशातलं पाकीट जसं वापरून वापरून पँटवर उमटतं, तशी ही अक्षरं उमटणार होती. आधी कडा, मग सगळं नाव. जाकीट अंगात घालणारा माणूस सोडून बाकी सगळ्यांना ते वाचता येणार होतं.

अस्तर लावायला त्यानं ती पाठ बयाबाईपुढं ठेवली. तिनं एकेका अक्षराच्या कडेनं बोट फिरवलं. पोरगं लहान असताना ती त्याच्या भुवयांवरून फिरवायची तसं.

"आवं, कवा दिसंल?"

"रोज घातलं तर दोन वरसं. न्हाईतर तीन."

बयाबाईनं अस्तर अंथरलं, कडा जुळवल्या, सुईखाली घेतल्या. मग थांबली. वैशाखानंतर पहिल्यांदाच तिनं भिंतीवरच्या विठोबाला हात जोडले.

"पांडुरंगा, त्या माणसाला उदंड आयुष्य दे."