जड कॉम्प्युटर

नवऱ्याने रागाच्या भरात लॅपटॉप फोडला आणि तिचं घरबसल्या चालणारं भाषांतराचं काम बंद पडलं. आता सुटे भाग निवडून स्वतःच डेस्कटॉप जोडायचा, असं ठरवून ती दुकानात आली. काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट तिने बाजूला सारलं आणि जाड लोखंडी पत्र्याचं मागितलं. पॉवर सप्लायही हातात तोलून विचारलं, "याहून जड नाही का?"

दुकानदाराला हसू आवरेना. "ताई, कॉम्प्युटर घेताय की भंगार? लोक वेग विचारतात, तुम्ही वजन!"



"लॅपटॉप हलका होता, दादा. एका हातात माझे केस धरून नवऱ्याने तो दुसऱ्या हाताने डोक्यात घातला. हा उचलायचा, तर आधी केस सोडावे लागतील."