ओटीतली खापरं

ओळ पहिली. सापडलं: काही नाही.

रुख्मिणीनं चौथं खापर उचललं आणि साडीच्या ओटीत टाकलं. काम खरं तर उलटं होतं. केळीच्या दोन ओळींमधून वाकून चालायचं, जुनं खापर दिसलं की हात न लावता शेजारी लाल झेंडी रोवायची. मागून पुरातत्त्ववाली भूमिका मॅडम झेंड्या मोजत येणार. झेंड्या दाट निघाल्या तर खोदकाम होणार, नि बुऱ्हाणपूरहून येणारा नवा हायवे बागेला वळसा घालणार.

रुख्मिणीच्या मुठीतल्या झेंड्या सकाळपासून तेवढ्याच होत्या.

बाग लीलाधरची होती.

ओळ दुसरी. सापडलं: काही नाही.

चौदा वर्षांपूर्वी लीलाधरनं गावाबाहेरची पांढरी, उजाड वस्तीचं ते जुनं टेकाड, ट्रॅक्टर लावून खरवडून नेली. तिच्या पायथ्याशी रुख्मिणीनं आपलं बावीस दिवसांचं पोर पुरलं होतं. ती दिवा लावायला गेली, तर तिथं चाकांच्या खुणा.

"माती धूलकोटच्या भट्टीवर गेली, वहिनी. विटा झाल्या तिच्या," तो दात कोरत म्हणाला होता.

तेव्हापासून तिनं घराला वीट लागू दिली नाही. कुडाच्या भिंतीत चौदा पावसाळे काढले आणि वाट बघितली. आता त्याची बाग जाणार होती. बापानं खणलेली विहीर जाणार होती. डांबराखाली. एवढ्यासाठीच तिनं या मजुरीत नाव घातलं होतं.

काल तो हायवेविरुद्धचा अर्ज घेऊन दारात आला. "वहिनी, अंगठा दे ना. गावाचा सवाल आहे."

"हात खराब आहेत," ती म्हणाली आणि शेणाचा गोळा भिंतीवर थापला.

ओळ तिसरी. सापडलं: तीन.

ही तीन रुख्मिणीच्या नजरेतून सुटली. भूमिकानं खापरं उलटसुलट केली. खुरप्यानं जमीन उकरली, चिमूटभर माती बोटांत चोळली.

"मावशी, राहू द्या आता झेंड्या. साइट इथं नाहीच."

"मग रोड जाईल?"

"इथूनच जाईल. खापरं इथली नाहीत ना. बघा, वर ही राखेसारखी माती, खाली काळी. कुणीतरी पांढरी आणून पसरलीये, खत म्हणून."

रुख्मिणी उकरलेल्या जागेकडे बघत राहिली. "भट्टीवर नाही गेली?"

"असली राखट माती विटेला कोण घेईल, मावशी? ही केळीलाच मानवते."

भूमिका पुढच्या ओळीत गेली. रुख्मिणी खाली बसली. ओटीतली खापरं तिनं एकेक करून सरीत ठेवली. हलक्या हातानं, आवाज होऊ न देता.

ओळ चौथी. रुख्मिणी गैरहजर.

ती लीलाधरच्या अंगणात उभी होती. तो खाटेवरून उठला.

"कागद आण," ती म्हणाली.

"कोणता?"

"रोड अडवायचा."

त्यानं अर्ज आणला, शाईची डबी उघडली. वर कोरी जागा होती. गावात अजून कुणी अंगठा दिला नव्हता. तिनं तो असा दाबला की शाई कागदाच्या मागं उतरली.

"उपकार झाले, वहिनी," तो म्हणाला.

"यापुढं बागेत नांगर घालू नको," ती म्हणाली. "बावीस दिवसांचाच आहे तो."