पाहुणीचं वरण

लातूरच्या प्रदर्शनात, बायकांच्या मालाला रास्त भाव मिळवून देणाऱ्या स्टॉलवर, अंजूने तीन दिवस घसा कोरडा केला. जळकोटच्या बायकांनी जात्यावर भरडलेली ही तूरडाळ चमकत नसली, तरी चवीला पॉलिशच्या डाळीहून सरस आहे, हे तिने गिऱ्हाइकांना पटवलं. डाळ पडून राहिली असती तर बायका भरडणंच सोडणार होत्या. पण सगळी खपली.

ही बातमी द्यायला ती जळकोटला, डाळ भरडणाऱ्या शिवकांताकाकूंकडे गेली, तर काकूंनी आधी जेवायलाच बसवलं. वरणभाताचा पहिला घास घेताच अंजू म्हणाली, "काकू, पॉलिशच्या डाळीला ही चव जन्मात येणार न्हाई!"

 

काकू खुशीत हसल्या. "तीच हाय की गं माय! दुकानातून मुद्दाम चकचकीत आणली. लातूरच्या पाहुणीला आमची मळकट डाळ कशी वाढावी?"