पहाटेचं पेट्रोल

काटा पुन्हा वर होता.

कुसुमताईंनी चष्मा पुसून परत पाहिलं. शनिवारी गाडी लावली तेव्हा पेट्रोल तळाला गेलं होतं, पिवळा दिवा लागला होता. आज मंगळवार. मधे त्यांनी किल्लीला हातसुद्धा लावला नव्हता आणि टाकी गळ्यापर्यंत भरलेली. गाडी तीन किलोमीटर फिरलेली, म्हणजे पंपापर्यंत जाऊन परत. ही तिसरी वेळ.

"अहो," शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत त्या म्हणाल्या, "सांगून तरी जात जा."

दिगंबरराव जाऊन अकरा महिने झाले होते. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या सोसायटीजवळच, पहाटे फिरायला निघाले असताना कुठल्याशा गाडीने उडवलं. गाडी सापडली नाही. दूधवाल्याने पाहिलं तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. रात्री झोप येईना की कुसुमताई तेवढं एक वाक्य मनात घोळवायच्या, मग डोळा लागायचा.

पेट्रोल पहाटेच भरायचं, असा दिगंबररावांचा दंडक होता. थंड पेट्रोल लिटरमागे चार थेंब जास्त मिळतं म्हणे. त्या चार थेंबांपायी माणूस कानटोपी घालून पाच वाजता पंपावर जाऊन उभा राहायचा. कुसुमताईंनी जन्मभर चेष्टा केली. आता मात्र पहाटे जाग आली की त्या खालून इंजिनाचा आवाज येतो का, ते ऐकत पडायच्या.

गाडी ठेवू नये, असं त्यांच्या मुलाचं, सौमित्रचं, म्हणणं. तो बंगळूरला. दर रविवारी फोनवर तेच तुणतुणं.

"आई, पेट्रोल शंभरच्या वर गेलंय. टायर, विमा, सर्व्हिसिंग. मावशीकडे आठवड्यातून दोनदा जातेस, त्याला रिक्षा पुरते. वरच्या सलिलने विकलीच ना? त्याचा पगार बघ, तुझं पेन्शन बघ."

सलिल वरच्या मजल्यावर राहायचा. एकटाच, खराडीला रात्रपाळी. गेल्याच वर्षी त्याने गाडी विकली. "परवडत नाही, काकू," एवढंच म्हणाला होता. आता कंपनीच्या बसने जायचा-यायचा.

"त्याला नाही परवडत, मला परवडते," कुसुमताई मुलाला म्हणाल्या. दुसरं काय सांगणार? तुझे बाबा टाकी भरून जातात, असं? पोरगा दुसऱ्याच दिवशी डॉक्टरची वेळ घेऊन हजर झाला असता. आणि रिक्षात बसून दिगंबररावांशी बोलणार कसं? ते गाडीत होते. घरात नव्हते, फोटोत नव्हते, डाव्या सीटवर होते.

त्या मंगळवारी त्या हवा भरायला मुनव्वरच्या टायरच्या दुकानात गेल्या.

"काकू, हे टायर आहेत की फुगे?" मुनव्वर वाकून बघत म्हणाला. "पुढचे दोन बदला. साडेसात हजार होतील. नाहीतर एक दिवस ब्रेक दाबाल आणि गाडी थांबायची नाही."

कुसुमताईंनी नुसती हवा भरून घेतली. संध्याकाळी लिफ्टमध्ये सलिल भेटला.

"सौमित्रचंच खरं होणार बाबा," त्या म्हणाल्या. "टायर घालायची ऐपत नाही. देऊन टाकते गाडी."

सलिल लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिला. "विकू नका, काकू," तो हळूच म्हणाला. "काकांची आहे."

शुक्रवारी गाडीला पुढे दोन नवे कोरे टायर होते.

कुसुमताई पार्किंगच्या पायरीवर बसल्या आणि मनसोक्त रडल्या. जिवंतपणी साधा गजरा आणताना दहादा भाव करणारा माणूस हा! मुनव्वरला विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही. दुकानावरून गेल्या तेव्हा मान दुसरीकडे वळवली. खरं कळलं आणि ते भलतंच निघालं तर?

गाड्या पुसणाऱ्या भीमरावकडे सगळ्यांच्याच जादा किल्ल्या असत. त्याला मात्र त्यांनी सहज वाटेल असं विचारलं, "पहाटे कुणी दिसतं का रे इथे?"

"मी काय बघणार, ताई," तो बादलीत बघत म्हणाला. "मी आपला पुसतो."

दीड महिन्याने पिवळा दिवा पुन्हा लागला. कुसुमताईंना राहवेना. दिगंबररावांना आवडायची ती मोरपंखी साडी नेसून, वर शाल घेऊन, पहाटे पाचला त्या खांबाआड खुर्ची टाकून बसल्या. भीती वाटत नव्हती. फक्त एकदा बघायचं होतं.

साडेपाचला पावलं वाजली. गाडीचं दार उघडलं.

"अहो," कुसुमताई म्हणाल्या.

वळला तो सलिल. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात भीमरावकडची किल्ली.

दिगंबरराव दुसऱ्यांदा गेले होते. मग समोरच्या पोराचा उतरलेला चेहरा दिसला आणि त्यांना भरून आलं. स्वतःची गाडी परवडेना म्हणून विकली आणि हा आपली टाकी भरतोय.

"तू होय रे? आणि टायरसुद्धा?" त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "पोटच्या पोराला सुचलं नाही, ते तुला सुचलं. कुठले रे ऋणानुबंध हे?"

"नका, काकू," सलिल मागे सरकला.

"का नको? मी वेडी, मला वाटलं हेच येतात. हसू नकोस. त्यांना निरोपसुद्धा घेता आला नाही रे माझा. जागच्या जागी गेले, वेदना नाहीत, एवढंच माझं नशीब."

सलिलने गाडीच्या टपावर हात टेकला.

"त्या पहाटे मी गाडीतून खाली उतरलो होतो, काकू," तो म्हणाला. "मी निघून गेलो, तेव्हा काका बोलत होते."