काटे काढलेला मासा

“पोटुशी असताना मासे खायचात?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“रोज,” ती म्हणाली. “आमच्या तळ्यातले. मोठे मासे. सासूबाई स्वतः काटे काढून द्यायच्या.”

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. सात वर्षांची मुलगी खुर्चीत बसून फ्रॉकच्या एकाच बटणाशी मघापासून झुंजत होती. बटण बोटांत यायचं आणि निसटायचं. ती भिंत धरून चालायची. शब्द अर्धेच बोलायची, तेही फक्त आईला कळायचे.

“तळ्याच्या वरच्या अंगाला ट्यूबलाइटचा कारखाना आहे ना? दहा-बारा वर्षं त्याचं सांडपाणी तळ्यात उतरतंय. त्यात पारा असतो. तो माशांत साठतो, मोठ्या माशांत जास्त. आईला काही जाणवतही नाही, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो बाधतो. तळं कुणी तपासलंच नव्हतं.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “दोष तुमचा नव्हता, बाई. तुमच्या रक्ताचाही नव्हता.”

‘माहेरचं रक्तच तसलं’, सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. हळूहळू ते सगळ्या घराला पटलं. नवऱ्यालाही. त्यानं लांबच्या शहरात नोकरी धरली. आधी महिन्याला यायचा, मग वर्षातून दोनदा. शिवणकामाच्या कारखान्यात ती दिवसभर शर्टांना कॉलर लावायची. डबा खायच्या सुट्टीत बाकीच्या बाया घोळक्यानं बसत. त्यांच्यात मुलांच्या शाळेच्या गोष्टी निघत, म्हणून ती आपल्या मशीनपाशीच जेवायची.

परतीच्या बसमध्ये मुलगी तिच्या मांडीवर झोपली. ती मनातल्या मनात सासूबाईंना ऐकवायचं एकच वाक्य घोटत राहिली. आई, दोष माझ्या रक्तात नव्हता, तुम्ही वाढलेल्या ताटात होता. एकदाच बोलायचं, सगळ्यांसमोर, आणि सात वर्षांचं उट्टं काढायचं.

पण वाक्य पुरं जमलं की तिला ते नऊ महिने आठवायचे. लहानपणी आईबाप गेले. मामाकडे उष्टंखरकटं काढत ती वाढली. उभ्या जन्मात कुणी समोर बसवून तिला भरवलं असेल, तर ते सासूबाईंनी. ‘खा गं, दोन जिवांची आहेस,’ म्हणायच्या. घास मोडून बघायच्या, चुकून काटा राहिला नाही ना. तेवढंच एक सुख गाठीला होतं. आज त्याचीही माती झाली.

घरी पोचली तेव्हा जेवणं चालली होती. धाकट्या जावेला तिसरा महिना होता. ती भिंतीला टेकून बसली होती, आणि सासूबाई तिच्या पुढ्यात बसून माशाचे काटे काढत होत्या.

“थांबा आई,” ती दारातूनच म्हणाली. “तो मासा तिला देऊ नका.”

सासूबाईंनी मान वर केली. “का? स्वतःचं असं झालं, म्हणून दुसरीचं बघवत नाही का?”

घोटलेलं वाक्य जिभेवर आलं. तिनं ते गिळलं.

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तळ्यात कारखान्याचा पारा उतरलाय. तो माशांतून पोटातल्या बाळाला बाधतो. मग मूल धड चालत नाही, धड बोलत नाही.”

जावेनं ताट लांब सारलं.

भिंत धरून आत येणाऱ्या नातीकडे सासूबाई बघत राहिल्या. मग त्यांची नजर आपल्या बोटांवर गेली. माशाचा तुकडा अजून तिथेच होता. बघता बघता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. “कधीपासून उतरलाय तो पारा?”

तिनं मुलीला कडेवर घेतलं.

“यंदापासून,” ती म्हणाली.